रीनाचं गाणं इथे लागत नाही

नाही, ते नाही. दुसरं कुठलंही सांगा साहेब, ते गाणं इथे लागत नाही. — अहो, ट्रॅक नाही म्हणून नाही, ट्रॅक आहे, हा काय कॉम्प्युटरमध्ये पडलाय, वरच्या पट्टीतला, खालच्या पट्टीतला, कोरससकट — पण लावत नाही. दारावरचा बोर्ड वाचला नाहीत का? चपला बाहेर, माइकवर फुंकर मारू नये, आणि त्याच्याखाली लाल अक्षरात काय लिहिलंय? 'रीना अजून थांबलीय' ह्या गाण्याचा आग्रह करू नये. माझ्या हाताने लिहिलंय. लोकांना वाटतं गंमत आहे. — काय म्हणालात? एकदाच? बँकेतून रिटायर झालात ना तुम्ही? बरोबर ओळखलं. बँकवाले नेहमी 'एकदाच' म्हणतात, शिक्षक असले की 'नुसतं एक कडवं' म्हणतात, आणि डॉक्टर तर विचारतच नाहीत, सरळ माइक उचलतात. अख्ख्या डोंबिवलीची पेन्शन ह्या एका खोलीत कराओके गाऊन गेलीय, मला माणूस माइक कसा धरतो त्यावरून कळतं कुठल्या खात्यातला आहे ते. तुमच्या मित्राची एकसष्टी आहे इथे संध्याकाळी, तुम्ही दुपारीच प्रॅक्टिसला आलात, मान्य. त्याचं आवडतं गाणं आहे, तेही मान्य. मग त्याच्या घरी ऐकवा की त्याला. इथे बाकी ढिगाने गाणी आहेत — चंद्राची आहेत, पावसाची आहेत, बैलगाडीची आहेत. एकसष्टीला एक मेलेला माणूस आणि एक वेडी बाई कशाला पाहिजे तुम्हाला?

वेडी नाही तर काय! गाण्यात काय आहे ते कधी नीट ऐकलंय, का नुसत्या कोरसला टाळ्या वाजवल्यात? मी सांगते. ठाण्यात एक बार — 'नीलम' — दारावर निळा दिवा. आत रीना गाते. चंदेरी ड्रेस, केसात पिवळा गुलाब. तिच्या मागे कीबोर्डवाला, गरीब बिचारा, तिच्यावर जीव टाकणारा. एक दिवस एक शेठ येतो, रीनाचा हात धरतो, आणि कीबोर्डवाला स्टेजवरून उडी मारतो — उडी! — बाटली फुटते आणि 'पांढऱ्या पट्ट्यांवर लाल फुलं सांडली'. मेला तो. मग शेवटचं कडवं — बार बंद झाला, तिथे दुकान आलं, दिवा गेला, तरी रीना रोज संध्याकाळी तोच चंदेरी ड्रेस घालून तिथे उभी राहते, आणि मग सगळ्यांनी मिळून 'रीना अजून थांबलीय, रीना अजून थांबलीय.' बायका पदराला डोळे पुसतात. पुरुष छताकडे बघतात. तेव्हा कॅसेटवर आलं, चाळीचाळीत वाजलं, मग विसरले लोक, बरं चाललं होतं — तर आता ह्या रीलवाल्या पोरांनी पुन्हा उकरून काढलं. हळदीला नाचतात त्याच्यावर! अहो, पोरीच्या हळदीला! मला एक सांगा, कोण बाई रोज तोच ड्रेस घालून उभी राहील? धुवायचा कधी? तिला भूक लागत नाही, तिच्या घरी म्हातारी आई नाही, तिला रॉकेलच्या लाइनीत उभं राहायचं नाही — तिला फक्त थांबायचंय. बाईला दुसरं काही काम नसतं असं ज्याला वाटतं ना, त्यानेच हे गाणं लिहावं.

— मला काय माहीत म्हणजे? मला नाही माहीत तर कोणाला माहीत? मीच ती. — झालं. गेलं तोंडातून. तुम्ही लोक असं खोदून खोदून विचारता ना. बघू नका हो असं! म्हणून मी सांगत नाही कोणाला. लगेच माणसाचे डोळे ओले होतात आणि तो माझ्या अंगावर चंदेरी ड्रेस शोधायला लागतो. नाहीये. गाऊन आहे, वर ओढणी आहे, आणि हा गुडघ्याला पट्टा. दर्शना माझं नाव. रीना हे मालकाने ठेवलेलं, दर्शना नावाची बाई गायला लागली तर गिऱ्हाइकाला आपली मामेबहीण आठवते म्हणाला. आम्ही वागळे इस्टेटचे, चाळीतले. वडलांची कंपनी बंद पडली, मी गणपतीत ऑर्केस्ट्रात गायचे, त्या ऑर्केस्ट्रातून त्या बारमध्ये. बार म्हणजे तुम्ही मनात आणताय तसलं काही नाही — ऑर्केस्ट्रा बार, उभं राहायचं आणि गायचं. चंदेरी ड्रेस कुठला, जांभळी साडी होती टिकल्यांची, उल्हासनगरहून आणलेली, काखेत अशी चावायची की गाताना हात वर करायची सोय नाही, आणि हे कवी लोक लिहितात 'हात तिचे नभाला भिडले'. गुलाब? अबोलीचा गजरा असायचा, तोसुद्धा मंगळवारी शुक्रवारी. आणि तो निळा दिवा, ज्याच्यासाठी लोक रडतात — ते माशा मारायचं मशीन होतं हो! किचनच्या दाराशी टांगलेलं. चट् चट् वाजायचं. मी हळू आवाजातलं गाणं घेतलं की नेमकी एखादी माशी मरायची.

हसताय. हसा. पण त्याला मात्र खरंच वाटलं असणार तो दिवा दारावरचा आहे. कोणाला काय, त्या गाणं लिहिणाऱ्याला! प्रीतम सर म्हणायचे त्याला, कॉलेजात शिकवायचा. एक बाटली बिअर घ्यायचा आणि ती अशी पुरवायचा, अशी पुरवायचा की वेटर लोक त्याच्यावर पैज लावायचे. फुकटचे चणे मात्र तीन-चार वाट्या. कोपऱ्यात बसून कागदावर काहीतरी लिहायचा, आम्हाला वाटायचं पेपर तपासतोय. तर ज्या दिवशी ते सगळं झालं — जे काय झालं ते — त्या दिवशी हा माणूस तिथे नव्हताच. नव्हताच! नवरात्र चालू होतं, हा आला नंतर, नवमीला. आता नवमीला काय असतं? खंडेनवमी. तुमच्या बँकेत काय करतात मला माहीत नाही, पण वाजवणारे लोक आपापल्या वाद्यांना हार घालतात, हळदकुंकू लावतात, उदबत्ती लावतात, त्या दिवशी वाद्याला हात लावायचा नाही. मालकाने केलेली पूजा. कीबोर्डला झेंडूचा हार. ऑक्टोपॅडला हार. मिक्सरला, स्पीकरला हार. वॉचमनच्या काठीला पण होता छोटासा. आणि ह्या दीडशहाण्याला दिसला एकच! कीबोर्ड, त्याला हार, पुढे उदबत्ती, खुर्ची रिकामी. कोणीतरी त्याला सांगितलंच होतं की मारामारी झाली आणि कीबोर्डवाल्याला लागलं. झालं! ह्याने विचारलं नाही, चौकशी नाही, बिल दिलं आणि घरी जाऊन माणूस मारला. मराठी शिकवायचा, दसऱ्याचा हार आणि मयताचा हार ओळखता आला नाही त्याला.

आणि गंमत ऐका. कॅसेट आली, जिकडेतिकडे वाजायला लागली, तेव्हा उत्तम गेला त्याच्या घरी. उत्तम म्हणजे तोच, कीबोर्डवाला. वाकडा झालेला हात घेऊन गेला. म्हणाला, सर, मी आहे, मी मेलो नाही. तर सर काय म्हणाले? म्हणाले, आता काही करता येणार नाही, कॅसेट बाजारात गेली. — देवाशप्पथ! वर त्याला कॅसेटवर सही करून दिली. 'प्रिय उत्तम यास.' आणि हा येडा ती घेऊन नाचत घरी आला.

— मग काय झालं होतं? सांगायलाच पाहिजे का? तुमची प्रॅक्टिस राहिली बाजूला. — बरं. दिवेलागणीची वेळ, गिऱ्हाईक नुकतं भरत होतं. दोन टेबलं. एकाला एक गाणं पाहिजे, दुसऱ्याला दुसरं, चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येतायत. माझा नंबर होता, पण मी आत — किचनच्या मागे एक फळीची खोली होती, तिथे आम्ही साड्या बदलायचो — आणि त्या साडीची पिन तुटलेली. आता ऑर्केस्ट्रात काय असतं, गाणारी माइकपर्यंत पोचली नाही की वाजवणाऱ्याने थांबायचं नाही. सुरुवातीचं म्युझिक फिरवत ठेवायचं, फिरवत ठेवायचं, ती आली की तिला जागा द्यायची. आणि दुसरा नियम — मारामारी झाली तरी वाजवणं बंद करायचं नाही. बंद झालं की अख्खं हॉटेल उठतं, जो तो खुर्ची उचलतो. वाजत राहिलं तर अर्ध्या लोकांना वाटतं काही झालंच नाही. तर टेबलं भिडली. कोणीही माझा हात धरला नव्हता, मी तर तिथे नव्हतेच, भांडण गाण्यावरून पण नव्हतं शेवटी, कोणाच्या तरी मेव्हण्यावरून होतं. आचाऱ्याने घाबरून किचनचं दार आतून लावलं. मी अडकले आत. आणि बाहेर, बाटल्या फुटतायत, बायका ओरडतायत — आणि माझं म्युझिक चालू. फिरतंय. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पहिल्यापासून. मी दारावर धक्के मारतेय आणि मला ऐकू येतंय की तो मला जागा देतोय. मध्येच ते अर्धं झालं. खालचा सूर राहिला, वरचे गेले. मला वाटलं, वायर निघाली. दार उघडलं तेव्हा बघते तर ह्याचा उजवा हात मांडीवर, नस कापलेली, आणि डाव्या हाताने वाजवतोय. मान खाली. उडीबिडी काही नाही मारली त्याने. कोणाशी लढला नाही. मान वर करून बघितलं पण नाही बाटली कोणी फेकली ते. मला म्हणाला, "आलीस? घे." आणि जागा दिली.

घेतलं. नाही तर काय करणार? गायले. आता त्याच्या पट्ट्या लाल झालेल्या, ती फुलंबिलं नव्हती, रक्त होतं, हाताला चिकट लागतं ते, नंतर मीच पुसलं. तर हे आहे का गाण्यात? नाही. म्युझिक फिरवत बसणारा माणूस कोणाला पाहिजे! लोकांना उडी पाहिजे. — तुम्ही पाणी प्या. मी पण पिते.

काय पुढे? पुढे काही नाही, पुढे लग्न. रजिस्टर. त्याची आई कल्याणजवळच्या मोहन्याहून आली, सासरे तिथे फॅक्टरीत होते, ते नाही आले. बोटं वाकडीच राहिली, वाजवणं संपलं. मी गात राहिले, बारमध्ये, मग लग्नांत, हळदींत, डोहाळजेवणांत, आणि हा माझ्या मागे वायरी गुंडाळत, स्पीकर उचलत. त्याच्याच डोक्यातलं हे कराओके. म्हणाला, आपल्याला आता वाजवणारा ठेवायलाच नको, मशीनच वाजवतं. चांगलं चाललं. पण ते गाणं! येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं — तो मी. त्या गाण्यातला कीबोर्डवाला, तो मी. लोक हसायचे. "काका, तो तर मेला!" आणि हा पण हसायचा. आधी नुसता हसायचा. मग हळूहळू ना, साहेब, त्याला तो मेलेलाच आवडायला लागला. त्याने उडी मारली होती ना! हात धरणाऱ्या शेठला आडवा गेला होता. माझ्यासमोर बसून मलाच सांगायचा, मग मी उडी मारली. मी म्हणायचे, अरे तू मान पण वर केली नव्हतीस. तर चिडायचा. दोन दोन दिवस बोलायचा नाही. मी काय वाईट बोलत होते? मी जे बघितलं ते बोलत होते. मला तर तेच — जाऊ दे.

हळू बोला. आत झोपलाय. — हो, आहे ना! काय समजलात तुम्ही? तुम्ही पण मारला का त्याला? त्या पडद्यामागे आमची खोली आहे, पुढचा हॉल गाण्याला दिला, मागे आम्ही राहतो. दुपारी झोपतो तासभर. तीन वर्षं झाली असतील, आधी मिक्सरची बटणं विसरायला लागला, मग गिऱ्हाइकांची नावं, मग एकदा संडासचं दार सोडून गॅलरीचं. डॉक्टर म्हणाले, असंच जात राहणार. म्हटलं जाऊ दे, वयाचं आहे. मोहनं गेलं, आई गेली डोक्यातून, आमची रुचिता गेली — पोटची पोर, पुण्याहून येते, तिला म्हणतो "मॅडम, बसा." जाता जाता काय राहिलं माहितीये? गाणं. सगळं धुऊन गेलं आणि तळाला ते भिकारडं गाणं राहिलं, शब्द न शब्द. आता त्याच्या हिशोबाने तेच खरं झालेलं आहे. त्याने उडी मारली, त्याला लागलं, तो कुठेतरी लांब पडलाय, आणि रीना तिथे निळ्या दिव्याखाली थांबलीय. अजून. आणि त्याला उशीर होतोय.

गेल्या नवरात्रात खालच्या मंडळाने लावलं हे गाणं. मी चक्कीवरून पीठ आणायला गेलेले. येऊन बघते तर दार उघडं. हा शर्ट घालून, केसांना तेल लावून, भांग पाडून गेलेला. कुठे सापडला सांगा? ठाण्यात. टेंभी नाक्याला, देवीच्या गर्दीत, लोकांना विचारत फिरत होता, नीलम कुठे आहे, नीलम कुठे आहे. अहो, नीलम नावाचं हॉटेल ह्या पृथ्वीवर कधी नव्हतंच, ते गाण्यातलं नाव! आमचं जे होतं त्याच्या जागी आता दाताचा दवाखाना आहे. पोलिसाने धरून बसवलं. विचारलं, काका, कोण आहे तुमचं? हा म्हणाला, रीना थांबलीय. आणि ते पोलीस हसले — हसले, आणि एकाने पुढची ओळ म्हणून दाखवली. त्यांची काय चूक म्हणा, सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच्या खिशात माझा नंबर सापडला, मला फोन आला. मी रिक्षातून उतरले, तर त्या पोलिसाला ह्याने विचारलं, "ह्या बाई कोण?" त्या दिवशी घरी आल्यावर मी तो बोर्ड लिहिला.

कळलं आता? का अजून 'एकदाच'? — तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना त्याला, मीच रीना म्हणून. सांगितलं! जांभळी साडी नेसून दाखवली, कपाटात ठेवलेली, पोटावर पिना लावून. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्हाला नाही शोभत." खरंच होतं ते, नव्हतीच शोभत. गाऊन दाखवलं. म्हणाला, आवाज बरा आहे, पण तिची सर नाही. तिची सर! मी सकाळी उठून त्याचं तोंड पुसते, दाढी करते, वरण-भात कालवून भरवते, गिळायला विसरतो म्हणून गळ्यावरून हात फिरवते — आणि तो घास तोंडात धरून त्या सटवीसाठी रडतो. ती जेवली असेल का म्हणून! तिला काय धाड भरलीय? ती पंचविशीच्या पुढे जात नाही. तिला गुडघे नाहीत, तिला शुगर नाही, तिला ह्याचा लघवीने भिजलेला लेंगा धुवायचा नाही. थांबायचं काय, कोणी पण थांबेल! नुसतं उभं राहायला काय लागतं? थांबून दाखव म्हणावं ह्या खोलीत, ह्या माणसाजवळ. आधी मी त्याला अरे-तुरे करायचे, अरे उत्तम, ए उत्तम. आता केलं की दचकतो, ही कोण परकी बाई. म्हणून आता तुम्ही म्हणते. नवऱ्याला तुम्ही म्हणायला लागले ह्या वयात. सासूबाई असत्या तर खूश झाल्या असत्या, त्यांची तीच तक्रार होती.

नाही, रडत नाहीये मी, एसीचं पाणी गळतं इथे डोळ्यावर. तुम्ही आपले ते चंद्राचं गाणं — अहो — अहो बंद करा! बंद करा तो फोन! हीच रिंगटोन मिळाली तुम्हाला? अख्ख्या जगात हीच — हिरवं नाही, लाल दाबा, लाल! — द्या इकडे. झालं. झालं ना. वाजलं तेवढं पुरे झालं.

गप्प बसा आता. अजिबात हलू नका.

— या. उठलात? या, या. शर्ट घातलात वाटतं. थांबा, बटण वर-खाली लागलंय, लावून देते. — हे? हे साहेब आहेत, गाणं म्हणायला आलेत. नाही, हे शेठ नाहीत, बँकेतले आहेत. कोणाचा हात धरणार नाहीत. — कुठे निघालात? ठाण्याला? गाडी नाहीये हो आता. — हो, ऐकलं मी, वाजलं खरं. — कोण थांबलंय? रीना?

रोज मी सांगते साहेब, गाडी चुकली, उद्या जा. लहान पोराला सांगतात तसं. मग रात्री रडतो. आज नाही सांगत. कंटाळा आला मला त्या बाईचा. — ऐका हो. इकडे बघा माझ्याकडे. ती नाही थांबली. नाही, खरंच सांगते, मला माहितीये. ती तिथे नाहीये, तिथे दाताचा दवाखाना आहे. तिने लग्न केलं. — तेव्हाच. लगेच. — कोणाशी म्हणजे, होता एक. कीबोर्ड वाजवायचा. — नाही, नाही, तुमच्याइतका नव्हता चांगला. — हो, माणूस बरा होता. जरा येडा होता, पण बरा होता. मुलगी झाली त्यांना, पुण्याला असते.

काय म्हणालात? — पुन्हा बोला. — बरं झालं?

ऐकलंत साहेब? म्हणतोय, बरं झालं. म्हणतोय, मला सारखी काळजी होती, पोरगी उभी असेल, पाय दुखत असतील. बरं झालं थांबली नाही. — हो, बसा. बसा इथे खुर्चीवर. चप्पल काढा. कुठे जायचं नाही आता. — हां? काय विचारताय?

सुखात आहे का?

विचारून सांगते.

— तुम्ही काय बघताय? उठा साहेब, हा घ्या तुमचा फोन. एकसष्टी दुसरीकडे करा. नाही, काही नको मला, तुम्ही फक्त जा. दार ओढून घ्या, नीट ओढा, नाहीतर उघडंच राहतं.